तुळशीला टेकवलेला फोन

होळीच्या आदल्या रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, पालीच्या अलीकडच्या आमच्या गावी घराच्या ओटीवर आकडा ठरला: चौदा लाख रुपये. हजर आम्ही तिघंच होतो. माझ्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, माझी बायको, आणि मी. भाऊ जाऊन काही वर्षं झाली आहेत. चौथं माणूस तिथे नव्हतं. हे इतकं ठासून लिहायचं कारण असं, की त्यानंतर कित्येक दिवस आम्ही त्या दुपारी तिथे आणखी कोण होतं, हेच शोधत होतो.

विषय वीस गुंठे कातळाचा होता. भावाने मुंबईत नोकरी करत असताना साठवलेल्या पैशांतून तो तुकडा वहिनीच्या नावावर घेतला. नुसता जांभा. पावसाळ्यात त्याच्यावर बोटभर गवत येतं, बाकी वर्षभर तापलेला दगड. त्या वेळी आम्ही त्याला हसलो होतो. पुढे जवळचा रस्ता रुंद झाला आणि त्या दगडाला गिऱ्हाईक यायला लागलं.

वहिनीच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पावसाळ्याच्या आत ऑपरेशन करून घ्या, पुढे ढकलू नका. सगळा खर्च धरून पाच लाख. मुलगा मुंबईत भाड्याच्या खोलीत राहतो, त्याच्याकडे मागायची तिची तयारी नव्हती. मी देतो म्हटलं, तर म्हणाली, "मला कुणाचं नको, भावोजी. माझा दगड हाय, तो विकीन आणि माझं काळीज दुरुस्त करीन."

मी रत्नागिरीत एका पतसंस्थेत हिशेब पाहतो. त्यामुळे आकडेमोड माझ्याकडे आली. अठरा लाख मागायचे. कितीही घासाघीस झाली तरी चौदाच्या खाली जायचं नाही. ऑपरेशनचे पाच वजा जाता जे उरेल ते ठेवीत टाकायचं आणि त्याच्या व्याजावर वहिनीने जगायचं. अठरा आणि चौदा यांच्यातले चार लाख सात टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाचे अठ्ठावीस हजार होतात. तिची गोळ्यांची चिठ्ठी माझ्यासमोर होती. तेवढाच खर्च होता. म्हणजे वरचे चार लाख मिळाले तर औषधं त्यातून निघणार होती, नाही मिळाले तर जेवणातून काढावी लागणार होती. शेवटी मी म्हटलं, ठेव आपण माझ्या आणि तुझ्या जोडनावावर ठेवू. व्याज काढायला तुला दर वेळी रत्नागिरीला यायला नको.

वहिनी म्हणाली, "बरं."

मी ते 'बरं' होकार म्हणून धरलं.

आजार आणि आकडा, दोन्ही बाहेर सांगायचं नाही असंही ठरलं. गरज कळली की भाव पडतो, एवढं तिघांनाही कळत होतं. त्या वेळी माझा फोन सुपारीच्या डब्याशेजारी पडला होता, बायकोचा तिच्या पिशवीत होता आणि वहिनीचा खिडकीत चार्जिंगला लावलेला होता. ही नोंद मी मागाहून आठवून केली. तेव्हा कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं.

मग शिमगा आला. ग्रामदेवतेची पालखी होळीनंतर घरोघर फिरते, ती आमच्या अंगणात आली. ढोल, ताशे, खांद्यावर नाचणारी पालखी, सगळं दरवर्षीसारखं. वहिनीने देवीची ओटी भरली. तिचा मुलगा रजा न मिळाल्यामुळे येऊ शकला नव्हता, म्हणून त्याला दाखवण्यासाठी तिने आपला फोन चित्रण सुरू करून तुळशीला टेकवून ठेवला होता. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: घरातला माणूस गुरवाच्या कानात आपली अडचण सांगतो आणि गुरव ती देवाला मोठ्याने ऐकवतो. दर वाक्याला तो थांबतो, की जमलेल्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. आम्ही म्हटलं. पालखी शेजारच्या अंगणात गेली. मी दुसऱ्या दिवशी कामावर हजर झालो.

पाडवा उलटल्यावर एजंट आला. पस्तिशीचा, शेजारच्याच गावातला, पांढरा शर्ट, बोलणं अदबीचं. मुंबईच्या कुणासाठी तो त्या पट्ट्यातले तुकडे गोळा करत होता. तो 'कुणी' आम्हाला शेवटपर्यंत दिसला नाही. रविवार होता, आम्ही दोघं गावी गेलो होतो. वहिनीने कोकम सरबत आणलं. त्याने पेला उचलला आणि पहिलंच वाक्य असं बोलला:

"काकी, छातीचं दुखणं कसं हाय आता? त्यात हयगय नको हां."

वहिनी जागच्या जागी थांबली. "तुला कोण बोललं?"

"गाव हाय काकी. गावात काय लपतं?"

मी विषय तोडला आणि म्हटलं, "अठरा."

तो हसला. त्या हसण्यात टिंगल नव्हती, हे मला जास्त खटकलं. "काका, तुमी अठरा म्हणायचं, मी अकरा म्हणायचं. मंग सतरा, बारा, सोळा. त्यात आपली दुपार जायची. आपण डायरेक बोलूया. चौदा. चौदाच्या खाली तुमी जाणार नाय, मी पण मागणार नाय."

मी बायकोकडे पाहिलं नाही. तिनेही माझ्याकडे पाहिलं नाही. एकमेकांकडे पाहिलं असतं, तर ते त्याला उत्तर झालं असतं. विचार करून सांगतो म्हटलं. तो उठला, चपला घालता घालता वळला आणि वहिनीला म्हणाला, "आणि काकी, पैसे तुमच्या एकटीच्या नावावर हां. मधी कोण नाय." हे बोलताना तो माझ्याकडे बघून हसत होता.

वहिनीच्या हातातलं ताट तिरकं झालं आणि रिकामे पेले ओटीवर घरंगळले. एरवी पेला पडला की ती स्वतःलाच शिव्या घालते. त्या दिवशी ती नुसती पेले वेचत राहिली.

मोटारसायकलचा आवाज बंद झाल्यावर माझ्या बायकोने सुपारीच्या डब्याकडे बोट केलं. तिथे माझा फोन पडला होता, नेहमीच्या जागी.

"हा," ती म्हणाली. "त्या दिवशी पण हितंच होता."

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण दुसरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आजार ऐकून कळू शकतो, कुणी दवाखान्याच्या दारात पाहिलं असेल. चौदा हा आकडा कुठे लिहिलेला नव्हता. तो आम्ही फक्त एकदा बोललो होतो, त्या ओटीवर.

त्या दिवसापासून गावी गेलं की तिन्ही फोन वहिनीच्या तांदळाच्या डब्यात जायला लागले. पत्र्याचा मोठा डबा, घट्ट झाकणाचा. बायको म्हणायची, "ठेवा, ठेवा. उद्या तांदळाला कान फुटले म्हणजे भात पण गाऱ्हाणी सांगायला लागेल." पहिल्या दिवशी आम्ही हसलो. नंतर कुणी हसेना. डब्यातून फोन वाजला की तांदळातून घुं घुं असा आवाज यायचा आणि तिघंही बोलता बोलता गप्प व्हायचो. जणू आत कुणी खाकरलं.

वहिनीच्या फोनवर त्याच सुमारास हृदयाच्या दवाखान्यांच्या जाहिराती यायला लागल्या. पांढऱ्या कोटातले हसणारे डॉक्टर, मध्ये लाल रंगाचं चिरलेलं हृदय. ती मला फोन दाखवून म्हणाली, "बघा. हा मला रोज माझंच काळीज दाखवतो."

मी मुलीला विचारलं. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. फोन ऐकतो का, हे फोनवरूनच विचारावं लागलं, याची मला गंमत वाटायला हवी होती. वाटली नाही.

"बाबा, ऐकतो असंही मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही आणि ऐकत नाही असंही नाही," ती म्हणाली. "पण त्याला ऐकायची गरजच काय? काकू कोल्हापूरला दवाखान्यात गेली तेव्हा फोन तिच्या पिशवीत होता. किती वेळ कुठे बसली ते त्याला माहीत. दादाने मुंबईत बसून झडपेच्या ऑपरेशनचा खर्च शोधला असेल. काकू रोज त्याच्याशीच बोलते. जोडायला किती वेळ लागतो?"

"आणि चौदा लाख?"

"ते तेवढं माझ्या हिशेबात बसत नाही," ती म्हणाली.

माझ्याही बसत नव्हतं. म्हणून मी ताळा करायचं ठरवलं. पुढच्या रविवारी तिन्ही फोन डब्यातून काढून ओटीवर मध्यभागी मांडले आणि आम्ही त्यांच्याभोवती बसून खोटं बोललो. बोलायचं काय ते मी आधी परसात नेऊन दोघींना पढवलं होतं: कोल्हापूरचा एक माणूस वीस लाख द्यायला तयार आहे, बुधवारी बयाणा घेऊन येतोय. एजंटाच्या कानावर हे कुठूनही गेलं, तर तो बुधवारच्या आत धावत येणार.

"कोल्हापूरवाले वीस म्हणतात ना हो?" बायकोने सुरुवात केली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये बोलतात तशी.

"वीस. बुधवारी येणार."

"वहिनी, तुम्हाला पटतं ना वीस?"

वहिनीला खोटं बोलता येत नाही. ती फोनकडे बघत म्हणाली, "ते दोघं बोलतात तसंच हाय."

"अहो, फोनला साक्ष काय देताय!" बायको कुजबुजली.

"हळू कशाला बोलताव? त्याला ऐकू जायाला नको?"

बुधवार गेला. गुरुवारी बायकोच्या फोनवर कोल्हापूरच्या लॉजची जाहिरात आली, तेव्हा ती जिंकल्यासारखी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मुलगी म्हणाली, "आई, तू काकूसाठी कोल्हापूरच्या गाड्या बघितल्यास ना परवा?" बघितल्या होत्या. एजंट मात्र आला नाही, त्याचा फोनही आला नाही. त्याने आधी पाठवलेला निरोप तेवढा तसाच उभा होता: चौदा, केव्हाही या.

म्हणजे फोन कुणाला काय सांगत असेल ते असो, या माणसाला सांगत नव्हता. फोन सुटला. आणि तो सुटल्यावर आमच्या घरात खरी भीती शिरली. तोपर्यंत दोष देण्यासाठी समोर एक वस्तू होती. आता उरलो आम्ही तिघं.

मी रत्नागिरीकडे गाडी चालवत होतो, तेव्हा शेजारी बसलेली बायको अचानक म्हणाली, "माझ्याकडे असं बघू नका. मी माझ्या भावाला पण सांगितलेलं नाही." मी रस्त्याकडे बघत होतो.

पुढच्या खेपेला वहिनीने मला चहा दिला, समोर बसली, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "भावोजी, त्या एजंटाचं कर्ज तुमच्याच सोसायटीत हाय ना?"

"हो. मीच तुला सांगितलं होतं."

"तसं नाय. तो तुमच्या टेबलापाशी येत असल. बोलता बोलता माणसाच्या तोंडून जातं."

"माझ्या तोंडून गेलं नाही."

"बरं," ती म्हणाली.

हे तेच 'बरं' होतं, शिमग्याआधीचं. या वेळी मला ते ऐकू आलं. मी तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. रोकड जुळली नाही तर ती जुळेपर्यंत घरी गेलेलो नाही. आणि माझ्याच घरात, माझ्याच चहाच्या कपामागे, एक माणूस माझ्याकडे जुळत नसलेल्या रकमेसारखं बघत होतं. मी आणखी काही बोललो असतो, तर तो खुलासा झाला असता, आणि खुलासा करणाऱ्याबद्दल काय वाटतं ते मला माझ्या कामामुळे चांगलं माहीत आहे. मी कप ठेवला आणि कलमांना पाणी बघायला गेलो.

दुसरी दोन गिऱ्हाइकं आली. कातळ पाहिला, पावलांनी मोजला, आणि परत आली नाहीत. एकाने जाताना सांगितलं, "चौदाला जाणार असं ऐकलंय, मग आम्ही कशाला वर चढायचं?" म्हणजे आकडा आता एजंटापुरताही राहिला नव्हता. तो त्या पट्ट्यात फिरत होता. वहिनी जिना चढली की तिला धाप लागत होती. मग अंगण ओलांडलं तरी लागायला लागली. मे महिना सुरू झाला. डॉक्टरांनी तारीख दिली. मी कागदावर पुन्हा एकदा सगळं मांडलं, आणि तो कागद वहिनीपुढे ठेवला. तिने तो न बघताच सांगितलं, "चौदाला द्या. माझ्याच्यानं आता थांबवत नाय."

एजंट बयाणा घेऊन आला. पन्नास हजारांचा चेक, वहिनीच्या नावाचा. पावतीवर सही घेतली, पेन खिशाला लावलं. आता तो मोकळा होता. खूश होता. गंमतीत म्हणाला, "नाराज नको व्हाव, काकी. देवाला सांगितलाव तेवढे तर मिळाले."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. "काय बोललास?"

"काय नाय. होय महाराजा!" त्याने डोक्याच्या वर हात जोडले आणि हसत हसत निघून गेला.

वहिनी माजघरात गेली. डब्यात हात घातल्याचा, तांदूळ सरकल्याचा आवाज आला. ती फोन घेऊन बाहेर आली, त्याच्या फटीत दोन-तीन दाणे अडकले होते. "ते पालखीचं लावा," ती मला म्हणाली.

ते चित्रण तिने एकदाही पाहिलं नव्हतं. पालखी मी डोळ्यांनी बघितली, ती परत कशाला बघू, असं ती म्हणायची. मुलाला पाठवलं होतं. मुलाने ते गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं, हात जोडलेल्या चिन्हांसह, कारण प्रत्येक घराने आपापल्या अंगणातली पालखी तिथे टाकली होती. त्या ग्रुपमध्ये गावचे, मुंबईचे, सासरी गेलेल्या मुली, त्यांचे नवरे, आणि जमिनींच्या निमित्ताने कुणी तरी कधी तरी जोडलेला हा एजंट. सगळेच आहेत.

मी लावलं. ढोल थांबला आणि गुरवाचा बसलेला घसा सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय महाराजा!"

"ही तुजी लेक आज तुज्या पायाशी उभी हाय. तिच्या छातीत जो काय आजार शिरला असल, काळजाची झडप म्हणतात ती जी काय बिघडली असल, त्यातून तिला तारून ने रे म्हाराजा!"

"होय महाराजा!"

"तिचा रस्त्याकडचा कातळाचा तुकडा हाय, त्याचं गिऱ्हाईक चांगलं मिळू दे. अठरा मागणार हाय ती. पण चौदा लाख तरी पदरात पडू देत, त्याच्या खाली जायाची वेळ तिच्यावर आणू नको रे म्हाराजा!"

"होय महाराजा!"

त्या शेवटच्या होकारात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मी तुळशीच्या बाजूलाच उभा होतो.

बायकोने तोंडावर हात ठेवला. वहिनी म्हणाली, "मी देवाला सांगितलं. देवाला पण सांगायचं नाय काय?"

आम्ही वीस-पंचवीस माणसं त्या अंगणात हात जोडून उभी होतो आणि एकानेही ते ऐकलं नव्हतं. गाऱ्हाण्यात आपण ऐकत नाही. आपण गुरव श्वास कधी घेतो तेवढं बघतो, आणि ओरडतो. ऐकायचं काम देवाचं, असं पिढ्यान् पिढ्या धरून चाललेलं आहे. त्या दिवशी अंगणात नीट ऐकणारा एकच होता, आणि त्याला आम्हीच देवापुढे टेकवून उभा केला होता.

वहिनीने माझ्याकडे पाहून हात जोडले. "माफ करा, भावोजी." मी म्हटलं, त्यात माफी कसली. घरातलं वातावरण निवळलं. बायकोने तिन्ही फोनचे तांदूळ झटकले. तिथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण बेरीज जुळली तरी मी ती खालून वर पुन्हा एकदा करतो. एक रक्कम अजून सुटी होती. 'पैसे तुमच्या एकटीच्या नावावर, मधी कोण नाय.' गाऱ्हाण्यात तर असं काही नव्हतं. मग तो ते का बोलला, आणि वहिनीच्या हातातलं ताट का कललं?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसातल्या मागच्या खोलीत बसलो, ग्रुपवरचं ते चित्रण माझ्या फोनवर उघडलं आणि कानात वायरी घातल्या. सुरुवातीपासून लावलं. पालखी खाली टेकते. ढोल थांबतो. गुरव वाकतो, वहिनी त्याच्या कानाशी येते. दोघंही तुळशीला लागून आहेत, म्हणजे फोनपासून हातभर. खोलीत मोठ्याने लावलं तर तिथे नुसती खरखर ऐकू येते. वायरी कानात घातल्यावर तिचा आवाज इतका जवळून आला, की मी दचकून मागे पाहिलं.

ती आजार सांगते. आकडा सांगते. मग थांबते, आणि म्हणते: "आणि पैसे माज्या एकटीच्या नावावर ऱ्हाऊ देत. जोडनाव नको. दिराच्या हातात माजी दोरी नको. पण हे मोठ्यानं नको बोलू, ते हितंच उभे हायत."

गुरवाने शब्द पाळला होता. तेवढं त्याने देवाला मनातल्या मनात सांगितलं असेल.

मी वायरी काढल्या. बाहेर काउंटरवर नोटा मोजायच्या यंत्राचा आवाज चालू होता. माझ्या मनात पहिला विचार वहिनीचा आला नाही. पहिला विचार आला तो ग्रुपमधल्या सगळ्या माणसांचा. त्यांतल्या किती जणांनी कानात घालून ऐकलं असेल? एजंटाने ऐकलं होतं, हे नक्की. तिच्या मुलाने? शेजाऱ्यांनी? शिमग्यापासून गावात मला जे जे भेटले आणि 'काय, कसं काय' म्हणून हसले, त्यांचे चेहरे मी एकेक करून आठवायला लागलो. ती मोजणी आजही पूर्ण झालेली नाही.

मी ते कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. मुलाला सांगून ते चित्रण ग्रुपवरून काढून टाकायला लावलं, पण ज्यांच्या फोनात गेलं त्यांच्या फोनात ते आहेच.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खरेदीखत झालं. तिथून आम्ही बँकेत गेलो. फॉर्मवर जोडनावाचा रकाना आला तेव्हा मी कारकुनाला म्हटलं, "नको. फक्त ह्यांचं. वारस म्हणून मुलाचं नाव घाला."

वहिनीने मान वर केली. "भावोजी, तुमीच तर बोलला होताव, दोघांच्या नावावर."

"म्हटलं होतं. आता नको वाटतं."

"का?"

"हिशेबाला सरळ पडतं."

ती माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. ते बघणं आभाराचं नव्हतं. जे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, ते समोरच्याला कसं ठाऊक, असं ते बघणं होतं. चौदा लाखांच्या वेळी आम्ही तिघांनी फोनकडे असंच पाहिलं होतं. मग तिने काउंटरवर ठेवलेला आपला फोन उचलला, पिशवीत टाकला आणि चेन लावली. पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला, माझ्यापासून लांब ठेवली.

ऑपरेशन पावसाच्या आत झालं. ती बरी आहे, आता जिना चढते. ठेवीचं व्याज काढायला स्वतः एस.टी.ने रत्नागिरीला येते, आमच्याकडे जेवते. बोलते सगळं. पण काही सांगायचं असलं की आधी माझ्या हाताकडे बघते, हात रिकामा आहे का ते.

यंदाच्या शिमग्याला पालखी अंगणात आली तेव्हा तुळशीजवळ काही ठेवलेलं नव्हतं. फोन तांदळाच्या डब्यात होता. गुरव वाकला. वहिनी त्याच्या कानाशी गेली, थांबली आणि वळून म्हणाली, "भावोजी, तुमी जरा तिकडे गडग्यापाशी उभे ऱ्हाताव काय?"

मी जाऊन त्या दगडी कुंपणापाशी उभा राहिलो. तिथून काही ऐकू येत नव्हतं. सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हटलं, तेव्हा मीही म्हटलं.

एकूण दिलं गेलं ते असं. कातळाचे चौदा लाख रुपये, बयाण्यासकट, वहिनीच्या एकटीच्या खात्यावर. त्यातून दवाखान्याला चार लाख शहाऐंशी हजार. एजंटाला दोन टक्के दलाली, अठ्ठावीस हजार. आणि यंदा गुरवाला एकशे एक रुपये आणि नारळ. ते मी खिशातून काढले होते, पण वहिनीने माझा हात मागे सारला आणि स्वतःच्या बटव्यातून दिले.